माइटर गेजची नॉब आणि वॉशर हरवलाय, बाजारातला बोल्ट टाकू का?

प्रश्न असा आहे. नाशिकच्या एका मित्राने सेकंडहँड १० इंची जॉबसाइट टेबल सॉ (टेबलातून ब्लेड वर येणारी, साइटवर नेता येणारी छोटी लाकूड कापायची मशीन) घेतली, विकणाऱ्याने वर्कशॉप हलवताना सगळं सुटं सामान पोत्यात भरलेलं, घरी येऊन पोतं रिकामं केलं तर माइटर गेज (फळी हव्या त्या कोनात धरून ब्लेडकडे ढकलायचा भाग) आहे पण त्याचा अँगल लॉक करायची काळी नॉब नाही, आणि गेजच्या सरकत्या पट्टीच्या पुढच्या टोकाखाली जो गोल चपटा वॉशर असतो तोही नाही. सर्व्हिस सेंटरला फोन केला तर म्हणाले नॉब सुटी मिळत नाही, अख्खा गेज घ्या, तोही ऑर्डर टाकून, कधी येईल ते सांगता येत नाही. म्हणून तो विचारतोय की ८ नंबरचा साधा बोल्ट टाकला तर चालेल का आणि वॉशर नसला तर काय बिघडतं.

बोल्ट चालेल, पण तो ८ चाच आहे हे आधी नक्की करा. मी कोल्हापूरला फर्निचरचं काम करतो, पंचवीस वर्षं होत आली, आणि हरवलेल्या पार्टच्या बाबतीत माझा अनुभव असा की हरवलेल्या पार्टचं माप त्याच्याबरोबर हरवत नाही, ते तो ज्याच्यात बसायचा त्या पार्टवर शिल्लक असतं. नॉब गेली पण पट्टीतलं आट्यांचं भोक आहे ना. वॉशर गेला पण टेबलातली खाच आहे. तिथून माप घ्यायचं, अंदाजाने दुकानात जायचं नाही, आणि दुकानदाराला फोटो दाखवून तर अजिबात नाही, फोटोत एम ८ (८ मिमीचा बोल्ट) आणि अडीच सूत (इंची मापाचा) दोन्ही सारखेच दिसतात.

त्याआधी एक गोष्ट. तुमचं पोतं रिकामं केलंत पण मशीनचं पोट बघितलंत का? टेबल सॉच्या खालच्या खोक्यात, ब्लेडच्या आजूबाजूला भुशाचा गठ्ठा साचलेला असतो, आणि हलवताना सुटे पार्ट थ्रोट प्लेटच्या (ब्लेडभोवती टेबलात बसणाऱ्या सुट्या पट्टीच्या) फटीतून नेमके तिथे जाऊन बसतात. प्लग काढा, सॉकेटमधून पूर्ण बाहेर, नुसतं बटण बंद नाही. थ्रोट प्लेट काढा, जुन्या स्पीकरचं मॅग्नेट प्लास्टिकच्या पिशवीत घालून भुशातून फिरवा. नॉब बेकेलाइटची असली तरी तिच्यातला स्टड, म्हणजे आट्यांचा दांडा, लोखंडी असतो, तो चिकटून येतो, आणि पिशवी उलटी केली की मॅग्नेटला कचरा न लागता माल वेगळा होतो. डस्ट बॅग असेल तर तीही झटका. माझ्याकडे दोनदा असा पार्ट भुशातच सापडलाय, आणि एकदा तर नवा करून आणल्यावर सापडला.

नाही सापडला तर आता मापाकडे येऊ.

माइटर गेज म्हणजे तीन गोष्टी. एक पट्टी, जी टेबलाच्या खाचेत सरकते. त्यावर अर्धगोल डोकं, ज्यावर अंश कोरलेले असतात आणि ज्याला टेकवून आपण लाकूड पुढे नेतो. आणि दोघांना जोडणारे दोन स्क्रू, त्यातला एक पिव्हट, ज्याभोवती डोकं फिरतं, आणि दुसरी ही नॉब, जी डोक्यातल्या वक्र खाचेतून खाली जाऊन पट्टीतल्या आट्यात बसते आणि डोकं पट्टीवर दाबून धरते. म्हणजे नॉबचं काम एकच, दाबणं. तुम्ही लावलेला अँगल लाकूड ढकलताना हलू नये एवढ्यासाठी ती आहे. काही गेजमध्ये उलटं असतं, स्टड पट्टीत पक्का असतो आणि नॉबच्या आत आटे असतात. तुमच्या पट्टीतून काही वर आलेलं दिसत नसेल तर तुमचा पहिला प्रकार आहे.

आता ते आटे कुठले हे ओळखायचं. आपल्याकडे गंमत अशी आहे की हार्डवेअरच्या दुकानात मिलिमीटर आणि सूत दोन्ही चालतं, एक इंचाचे आठ सूत, म्हणजे पाव इंच तो दोन सुती आणि ५/१६ इंच तो अडीच सुती. युरोप जपानच्या डिझाइनच्या मशीनवर बहुतेक करून एम ६, एम ८ असे मिलिमीटरचे आटे असतात आणि अमेरिकन बाजारासाठी बनलेल्या मशीनवर इंची आटे निघू शकतात, आणि एखादं मशीन कुणी अमेरिकेतून आणलेलं असलं तर इंची असण्याची शक्यता जास्त. सेकंडहँड मशीनमध्ये आधीच्या मालकाने मधेच काय बदललंय हेही माहीत नसतं, त्यामुळे नेमप्लेट बघूनही भरवसा ठेवू नका, भोक बघा.

एम ८ च्या आट्याचं अंतर १.२५ मिमी असतं. अडीच सुतीला इंचात १८ आटे, म्हणजे एकाचं अंतर १.४१ मिमी. जाडी बघाल तर एक ८ आणि दुसरा ७.९४, व्हर्नियरनेही फरक पटकन कळत नाही. म्हणून एम ८ चा बोल्ट अडीच सुतीच्या भोकात आरामात दोन अडीच फेरे जातो. मग घट्ट होतो. आणि माणूस काय समजतो, आट्यात भुसा अडकलाय.

मी तेच समजलो होतो. माझा पहिला इंची गेज होता, पट्टी ॲल्युमिनियमची, बोल्ट दोन फेरे गेला, अडकला, मी मागे फिरवून फुंकर मारली, तेल सोडलं आणि तेराचा पान्हा लावून दाबला. एक क्षण जड गेलं आणि मग एकदम हलकं झालं. ते हलकं होणं हाताला कळतं, पोटातही कळतं. बाहेर काढला तर बोल्टच्या आट्यात ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली, भोकातले सगळे आटे त्या तारेत निघून आलेले. त्यामुळे नियम एकच लक्षात ठेवा, योग्य बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत गेला पाहिजे, पान्हा लागला तर तो तुमचा बोल्ट नाही.

भोकातून माप घ्यायची सोपी पद्धत सांगतो, याला काही विकत आणावं लागत नाही. साधी गोल पेन्सिल घ्या, टोक कटरने थोडं निमुळतं करा, म्हणजे भोकात घट्ट पण जाईल इतपत. एम ८ च्या भोकाचा आतला व्यास पावणेसात मिमीच्या आसपास असतो त्यामुळे पेन्सिल थोडीच तासावी लागते. आता ती दाबत दाबत उजवीकडे फिरवा, स्क्रूसारखी, आरपार जाऊ द्या, आणि तशीच उलटी फिरवून काढा, ओढू नका. पेन्सिलच्या लाकडावर आट्यांचे वळ उमटलेले दिसतील. उन्हात धरून, नाहीतर मोबाइलचा टॉर्च आडवा मारून बघा. पाच आट्यांचं अंतर मोजा, पहिल्या वळापासून सहाव्या वळापर्यंत. सव्वासहा मिमी आलं तर एम ८. सात किंवा सातच्या जरा वर आलं तर अडीच सुती. भोक लहान असेल तर तिथेही तसंच, फक्त पेन्सिलऐवजी बांबूची काडी घ्या, पाच आट्यांना बरोबर ५ मिमी आलं तर एम ६, ६.३५ आलं तर दोन सुती. पट्टी साधारण ९ मिमी जाडीची असते त्यामुळे दहा आटे मोजायला मिळत नाहीत, पाचातच भागवायचं.

मग दुकानात जाऊन दोन्ही बोल्ट एक एक घ्या, पट्टीच सोबत न्या, तिथेच बोटांनी फिरवून बघा. पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळी, मुंबईत नागदेवी स्ट्रीट, तुमच्या नाशिकला सातपूर किंवा अंबडच्या बाजूला नटबोल्टची दुकानं भरपूर आहेत. गल्लीतल्या हार्डवेअरमध्ये इंचीत बहुतेक वेळा जुना ब्रिटिश बीएसडब्ल्यूचा बोल्ट मिळतो आणि अमेरिकन मशीनवर यूएनसी असतो. पाव इंच आणि ५/१६ इंच या दोन मापांत दोघांचे इंचातले आटे सारखेच आहेत, २० आणि १८, फक्त आट्याचा कोन ५५ आणि ६० अंश असा वेगळा. माझा अनुभव असा की हाताने फिरवायच्या नॉबला तो फरक चालून जातो, फिरतोही बोटांनी. पण मिळालाच यूएनसी तर तोच घ्या.

आता लांबी. इथे सगळ्यात जास्त लोक फसतात आणि फसलोय हे कळतही नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

किचन ट्रॉलीचे बारा शटर कापायचे होते. नवीन स्टड टाकून नॉब बसवलेली, हाताला घट्ट लागत होती. पहिले दोन शटर गुण्याला (काटकोन तपासायच्या पट्टीला) बरोबर आले. नंतर मी मोजायचं सोडलं. शेवटी सगळे एकावर एक ठेवले तर वरचे वरचे कडेने तिरके होत गेलेले, शेवटच्यात दीड मिमीचा फरक. ग्राहकाचा माल होता, सनमायका लावून तयार. नॉब तपासली, घट्टच होती. मग गेज काढून पट्टी उलटी केली तेव्हा दिसलं, स्टडचं टोक पट्टीच्या खालून जेमतेम एक मिमी बाहेर आलेलं, आणि टेबलाच्या खाचेच्या तळाला एक बारीक चकाकणारी सरळ रेघ, पुढून मागेपर्यंत. म्हणजे काय होत होतं, मी नॉब आवळली की स्टड खाली जाऊन खाचेच्या तळाला टेकायचा आणि पुढे आवळेल तसा पट्टीलाच वर उचलायचा. हाताला जे घट्ट लागत होतं ते डोकं दाबल्याचं नव्हतंच, स्टड तळाला अडल्याचं होतं. कामाआधीच गेज खाचेतून बाहेर घेऊन टेबलावर आडवा धरून बघितला असता तर लगेच कळलं असतं.

तर लांबी अशी काढा. नॉबखालचा वॉशर, डोक्याची तिथली जाडी आणि पट्टीची जाडी, तिन्ही व्हर्नियरने मोजून बेरीज करा आणि त्यातून १ मिमी वजा करा. समजा वॉशर १.६, डोकं ८ आणि पट्टी ९ तर बेरीज १८.६, तुमचा स्टड नॉबच्या बुडापासून साडेसतरा मिमी. पट्टीच्या खालच्या पातळीच्या आतच त्याचं टोक राहिलं पाहिजे. उलट बाजूने फार आखूडही नको, पट्टीत निदान पाच सहा आटे तरी धरले पाहिजेत, ॲल्युमिनियमची पट्टी असेल तर जितके मिळतील तितके घ्या.

बोल्ट कापायची रीत बऱ्याच जणांना माहीत असेल तरी सांगतो. पूर्ण आट्यांचा बोल्ट घ्या, अर्धा गुळगुळीत असतो तो नको. कापायच्या खुणेच्या मागे आधी एक नट चढवा. मग हॅक्सॉने कापा, कानशीने टोक गोल करा, चाळीस पंचेचाळीस अंशाचा उतार द्या, आणि मग नट उलटा फिरवून बाहेर काढा. तो नट बाहेर येताना कापताना वाकलेला शेवटचा आटा सरळ करून येतो. नट आधी घातला नाही तर तो वाकलेला आटा थेट तुमच्या पट्टीत जाणार.

नॉबचं म्हणाल तर स्टडवाली बेकेलाइटची स्टार नॉब एम ६, एम ८, एम १० मध्ये तयार मिळते, मशीनच्या ॲक्सेसरीज विकणाऱ्या दुकानात विचारा, साध्या हार्डवेअरमध्ये मिळाली नाही तर. माप एम ८ निघालं तर हीच घ्या, स्टड लांब असेल तर वरच्या रीतीने कापा, काम संपलं. माप इंची निघालं तर तयार नॉब मिळणं अवघड, मग घरी करा. मला स्वतःला लाकडाचीच आवडते, हिवाळ्यात सकाळी हाताला गार लागत नाही.

शिसवीचा किंवा बाभळीचा ५० बाय ५० चा तुकडा, जाडी २० मिमी. सागही चालतो पण तो पातळ कडेला तुटतो. मध्य काढा, कंपासने ४५ मिमी व्यासाचं वर्तुळ मारा आणि त्या वर्तुळाच्या रेषेवर समान अंतरावर पाच खुणा करून प्रत्येक खुणेवर १२ चं ड्रिल आरपार मारा. मग वर्तुळ कापलं की अर्धी अर्धी भोकं कडेला राहतात आणि बोटं बसायला खाचा आपोआप तयार होतात. पण कापायच्या आधी, चौकोनी असतानाच, मधलं काम करून घ्या, चौकोनी तुकडा वाइसमध्ये नीट धरता येतो. वरून आधी १४ चं फोर्स्टनर बिट (सपाट तळाचं भोक पाडणारं) सात मिमी खोल, त्यात बोल्टचं डोकं बसणार, मग त्याच मध्यातून खाली बोल्टच्या मापाचं भोक आरपार. क्रम उलटा केलात तर फोर्स्टनरला मध्यात धरायला लाकूड राहत नाही आणि ते भटकतं. एम ८ च्या डोक्याची समोरासमोरची बाजू १३ मिमी पण कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ते १४ च्या वर जातं, म्हणून वाइसमध्ये दाबलं की सहा कोपरे लाकडात रुततात आणि डोकं फिरत नाही. दाबायच्या आधी अरॅल्डाइट लावा, हळूवाला, पाच मिनिटांचा नको, आणि रात्रभर ठेवा. वरून प्लायची चकती चिकटवून घासून टाका. आणि हो, चिकटवायच्या आधी लांबी मोजा, चिकटल्यावर बाहेर आलेला स्टड कापताना नॉब सैल होते.

थ्रीडी प्रिंटर कुणाकडे असेल तर नॉब प्रिंटसुद्धा करता येते, फक्त आत लोखंडी बोल्टचं डोकं बसेल असा षटकोनी खड्डा ठेवा, प्लास्टिकचे आटे करू नका. आणि पीएलए या नेहमीच्या प्रिंटिंगच्या प्लास्टिकमध्ये नको, उन्हातल्या गाडीत गेज राहिला की ती मऊ पडते.

नॉबखाली साधा चपटा वॉशर टाका. स्प्रिंग वॉशर नको. बरेच जण सैल पडू नये म्हणून स्प्रिंग वॉशर टाकतात, पण त्याची कड ॲल्युमिनियमच्या डोक्यात रुतते आणि शेवटचा पाव फेरा आवळताना डोक्यालाच सोबत फिरवते, तुम्ही ४५ लावून आवळता आणि आवळल्यावर तो साडेपंचेचाळीस झालेला असतो. उलट चपट्या वॉशरखाली नायलॉनचा एक पातळ वॉशर टाकला तर नॉब फिरते पण डोकं जागचं हलत नाही. हा नायलॉनचा वॉशर टाकाल तर लांबीच्या बेरजेत धरायला विसरू नका.

आणि समजा आटे आधीच मेलेले असतील, विकणाऱ्याने चुकीचा बोल्ट कोंबलेला असेल, तर? पहिला विचार येतो की भोक मोठं करून एम १० चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारू. पट्टीत ते जमेल, पण डोक्यातली वक्र खाच ८ च्या मापाची आहे, त्यातून १० चा बोल्ट जाणारच नाही, आणि ती खाच कानशीने सगळीकडे सारखी रुंद करणं हे कठीण काम आहे. म्हणून हेलिकॉइल बसवून घ्या, म्हणजे त्याच मापाचे नवे स्टीलचे आटे मिळतात, कुठल्याही एमआयडीसीतल्या जॉबवर्कवाल्याला माहीत असतं, आमच्या उद्यमनगरात तर चहा पिऊन होईपर्यंत करून देतात. दुसरा उपाय, आणि जुन्या पट्टीला मला हाच जास्त पटतो, तो म्हणजे उलटा बोल्ट. पट्टीतलं भोक साधं ८ चं करा, खालून काउंटरसिंक करा (भोकाचं तोंड उतरतं रुंद करा) आणि खालून एम ८ चा काउंटरसंक ॲलन बोल्ट अरॅल्डाइट लावून वर काढा, डोकं पट्टीच्या पातळीच्या किंचित आत, आणि वरून आतल्या आट्यांची नॉब. बोल्टचं डोकं १६ मिमीच्या आसपास आणि पट्टी १९ ची, म्हणजे कडेला जेमतेम जागा राहते, भोक नीट मध्यात असेल तरच करा.

आता तो गोल वॉशर. तुमच्या टेबलाची खाच नुसती चौकोनी नाही, आतून उलट्या टी सारखी आहे, वर अरुंद आणि तळाला रुंद. वरची रुंदी पाऊण इंच, १९ मिमी, हे माप जगभर बऱ्याच टेबल सॉवर तेच आहे, पण तळाची रुंदी आणि तिथली उंची मशीनप्रमाणे बदलते. वॉशर त्या रुंद भागात अडकतो, त्यामुळे गेज टेबलाच्या पुढे बाहेर ओढला तरी त्याचं डोकं स्वतःच्या वजनाने खाली झुकत नाही. एवढंच त्याचं काम आहे. अँगलशी, कापाच्या बरोबर असण्याशी त्याचा काही संबंध नाही.

म्हणून वॉशर नसेल तर मशीन थांबवून बसू नका. मोठ्या कास्ट आयर्नच्या टेबलवर काम करणारे कित्येक सुतार तो मुद्दाम काढून ठेवतात, गेज खाचेतून कुठूनही वर उचलता येतो म्हणून. पण तुमची जॉबसाइट सॉ आहे, हिचं टेबल छोटं, ब्लेडच्या पुढे जागा कमी. तीनशे मिमी रुंद फळी आडवी कापायला घेतली की सुरुवातीला गेजचं डोकं टेबलाच्या बाहेर हवेत असतं, आणि वॉशर नसेल तर ते झुकतं, फळीचं पुढचं टोक वर उचललं जातं आणि ब्लेडला लागताना आपटतं. अरुंद पट्ट्या कापायच्या असतील तर काही फरक पडत नाही, रुंद कापायच्या असतील तर वॉशर करून घ्या.

माप घ्यायला व्हर्नियरची आतल्या मापाची छोटी टोकं टेबलाच्या पुढच्या कडेवरून खाचेच्या रुंद भागात घाला, रुंदी मोजा. मग त्या रुंद भागाची उंची. वॉशरचा व्यास रुंदीपेक्षा अर्धा मिमी कमी आणि जाडी उंचीपेक्षा अर्धा मिमी कमी ठेवा. एम ८ चा मडगार्ड वॉशर (नेहमीपेक्षा रुंद वॉशर) २४ मिमी व्यासाचा आणि २ मिमी जाडीचा येतो, एम १२ चा साधा वॉशरही २४ चाच पण अडीच जाडीचा, तुमचं माप त्याच्या जवळ असेल तर त्यातून भागेल. अडचण एकच, त्यांचं भोक मोठं असतं आणि पट्टीखालचा स्क्रू छोटा, त्यामुळे वॉशर मध्यात राहत नाही आणि एका बाजूला घासतो. त्यापेक्षा लेथवाल्याकडून ब्राइट बारची (गुळगुळीत लोखंडी सळईची) चकती छिलून घ्या, काउंटरसिंकसकट. स्क्रूचं डोकं चकतीच्या खाली राहिलं पाहिजे, नाहीतर परत तीच तळाला रेघ. स्क्रूला लोकटाइट २४३, म्हणजे आटे सुटू न देणारा निळा गोंद, एक थेंब लावा. हा वॉशर मुळात हरवतो तो त्या स्क्रूला काही लावलेलं नसतं म्हणूनच, मशीनच्या थरथरीने तो रोज थोडा थोडा सुटत जातो.

पट्टी खाचेत डावीउजवीकडे हलत असेल तर तेही आत्ताच बघून घ्या, कारण नॉब कितीही घट्ट केली तरी पट्टीच डुलत असेल तर उपयोग नाही. पट्टीच्या कडेजवळ सेंटर पंचने दर दोन इंचावर एक टोला द्या, कड तिथे केसभर फुगते. एका वेळी एक टोला, बसवून बघा, परत एक. जास्त फुगली तर कानशीचा एक हात.

सगळं बसवल्यावर दोन परीक्षा. पहिली, गेज टेबलाच्या बाहेर हातात घ्या, ९० ला लावून नॉब हातानेच आवळा, डोकं आणि पट्टी दोन्हीवरून जाईल अशी पेन्सिलची एक रेघ मारा आणि डोक्याचं टोक धरून चांगला जोर लावा. रेघ तुटली तर अजून काहीतरी अडतंय, वॉशर वाकडा बसला असेल. गेज खाचेत असताना परत हेच करा. बाहेर धरतंय आणि खाचेत सरकतंय असं झालं तर शंभर टक्के स्टड तळाला टेकतोय.

दुसरी, पाच कापांची. गुण्या लावून ९० बघणं ठीक आहे पण आपल्या गुण्यातही फरक असतो. एमडीएफचा साधारण ४०० मिमीचा चौरस तुकडा घ्या. एक बाजू कापा, मग ती कापलेली बाजू गेजला टेकवून पुढची कापा, त्याच दिशेने फिरवत चारही बाजू झाल्या की परत पहिल्या बाजूवरून साधारण २५ मिमीची पट्टी कापा. त्या पट्टीची रुंदी दोन्ही टोकांना व्हर्नियरने मोजा. समजा एका टोकाला २५.६ आणि दुसऱ्याला २४.८ आलं, फरक ०.८, चूक चार वेळा साठलेली आहे म्हणून चारने भागा, म्हणजे ४०० मिमीला ०.२ ची चूक. फर्निचरला एवढं चालतं. यापेक्षा जास्त असेल तर डोकं किंचित ठोकून परत पाच काप. मी नवीन नॉब बसवली की हे करतोच, त्या बारा शटरनंतर कधी चुकवलेलं नाही.

अजून एक, काही जण सांगतात की गेज सैल आहे तोपर्यंत फळीचं टोक रिप फेन्सला (ब्लेडला समांतर असणाऱ्या आधारपट्टीला) टेकवून कापा म्हणजे सरळ येईल. कृपा करून असं करू नका. गेज आणि फेन्स दोन्ही एकाच वेळी लावून आडवा काप घेतला की कापलेला तुकडा ब्लेड आणि फेन्सच्या मधे अडकतो, जरा तिरका झाला की ब्लेड त्याला उचलून तुमच्याकडे फेकतं. १० इंची ब्लेड मिनिटाला ४००० फेरे फिरत असेल तर त्याच्या दाताचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास असतो. मापाचे सारखे तुकडे हवे असतील तर फेन्सवर ब्लेडच्या बऱ्याच अलीकडे एक लाकडी ठोकळा क्लॅम्प करा, फळी ठोकळ्याला टेकवून माप घ्या, कापायला पुढे नेईपर्यंत ती ठोकळ्यापासून सुटलेली असली पाहिजे.

आणि पोत्यातून अजून काही गहाळ असेल तर तेही आत्ताच तपासा. गेजची नॉब, वॉशर, पॉइंटर, स्टॉप स्क्रू हे सगळं आपण घरी किंवा लेथवर बिनधास्त करावं. थ्रोट प्लेट गेली असेल तर हायलम शीटची (बेकेलाइटसारख्या कडक शीटची) किंवा चांगल्या प्लायची करता येते, टेबलाच्या पातळीला आणून. पण रायव्हिंग नाइफ (ब्लेडच्या मागे उभा असणारा पत्रा), किकबॅक म्हणजे फळी उलटी फेकली जाणं अडवणारे दातेरी पंजे, ब्लेडच्या दोन्ही बाजूंचे फ्लँज (ब्लेड दाबून धरणाऱ्या चकत्या) आणि ब्लेडचा नट, यातलं काही हरवलं असेल तर ते कंपनीचंच मागवा, महिना लागू दे. रायव्हिंग नाइफची जाडी ब्लेडच्या पत्र्यापेक्षा जास्त आणि दातांच्या कापापेक्षा कमी असावी लागते, म्हणजे पत्रा १.८ आणि काप २.८ असेल तर मधलं २.३ सारखं काहीतरी, आणि तो ब्लेडच्या अगदी रेषेत उभा राहावा लागतो. पत्र्याचा तुकडा कापून तिथे लावलेला मी एकाच्या वर्कशॉपमध्ये बघितलाय, लाकूड त्यावर अडायचं म्हणून त्याने तो काढूनच टाकला, आणि दोन महिन्यांनी फळी उडून पोटात बसली. तुमच्या प्रश्नात रायव्हिंग नाइफचा उल्लेख नाही, म्हणून विचारतो, तो आहे ना मशीनवर?

पेन्सिलवरच्या पाच आट्यांचं माप आणि पट्टी, डोकं यांची जाडी एवढं इथे टाका. स्टड कुठल्या आट्याचा आणि किती मिमीचा घ्यायचा ते काढून देतो.